नस दबलीय म्हणजे नेमकं काय दबलंय?

परळला एका हॉस्पिटलमध्ये मी नसांची टेस्ट करते, एनसीव्ही म्हणतात तिला, पेशंट लोक मात्र करंटवाली टेस्टच म्हणतात. हातापायावर छोट्या चकत्या चिकटवायच्या, एका जागी हलकासा शॉक द्यायचा आणि तो पुढच्या जागी किती वेळात पोचला ते मशीनवर बघायचं, काम एवढंच. पण बरीच वर्षं हेच करतेय आणि येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं आत येता येता एकच वाक्य बोलतात, "नस दबलीय."

मागे लालबागच्या एक मावशी आल्या होत्या. पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटतात, सकाळी सहापासून दुपारपर्यंत हात थांबत नाही. रात्री दोन-अडीचला उजवा हात जड होऊन जाग येते, बोटांत मुंग्या, मग उठून बसायचं, हात झटकायचा, पलंगाखाली लोंबता सोडायचा, तेव्हा कुठे बरं वाटतं. दोनदा नस बसवणाऱ्याकडे जाऊन आल्या होत्या, त्याने तेल लावून मनगट जोरात चोळून दिलं, तिसऱ्या दिवशी परत तेच. मला म्हणाल्या, "ताई, हीच नस दबलीय ना?" आणि मनगटावरची हिरवट निळी रेघ दाखवली.

ती शीर होती. रक्ताची. तिचा मुंग्यांशी काही संबंध नाही.

मावशींची यात काही चूक नाही, आपल्या बोलण्यातच तो गोंधळ आहे. हाताची नस कापली म्हणतो तेव्हा रक्तवाहिनी असते, डोक्यातली नस फुटली म्हणतो तेव्हाही रक्तवाहिनीच. रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो त्याला नसेवर नस चढली म्हणतो, तो असतो स्नायूचा पेटका, तिथे कुठलीही नस कशावरही चढलेली नसते. मान आखडली की नस ताणली. आणि मुंग्या आल्या, बधिर झालं, करंट गेल्यासारखं झालं की नस दबली, फक्त या शेवटच्या वेळी आपण खरंच मज्जातंतूबद्दल बोलत असतो. पाच वेगळ्या गोष्टींना एकच शब्द, त्यामुळे उपाय पण एकच, चोळा. शाळेच्या पुस्तकात चेतातंतू शब्द आहे, चेतासंस्था, चेतापेशी वगैरे, तो चांगला आहे पण दहावीनंतर कोणी वापरत नाही, म्हणून मी मज्जातंतू म्हणते. हाडाच्या आतला मगज म्हणजे अस्थिमज्जा, ती अजून वेगळी, तिथे रक्त तयार होतं, ती यात मिसळू नका.

आता स्वतःचं मनगट बघा. तळहात वर करा, मूठ आवळा आणि मनगट थोडं आत वाकवा. मधोमध एक-दोन दोऱ्या ताठ उभ्या राहतात, त्या टेंडन, स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या (काही जणांच्या हातात मधली दोरी जन्मापासूनच नसते, त्याने काही बिघडत नाही). निळ्या हिरव्या रेघा दिसतात त्या शिरा. अंगठ्याच्या बाजूला बोट ठेवल्यावर ठोके लागतात ती धमनी. आणि ज्याच्यामुळे मावशींची झोप उडालीय तो मज्जातंतू या सगळ्याच्या खाली, मधल्या दोऱ्यांच्या आड असतो, बाहेरून दिसतच नाही. हाताला जाणवणारा मज्जातंतू हवा असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला, टोकाच्या हाडाच्या खाचेत बोटाने चाचपा. तिथे जरा आपटलं की करंगळीपर्यंत झण्णकन जातं ना, ते हाड नसतं, तो तिथून जाणारा मज्जातंतू असतो, कातडीच्या अगदी जवळ.

कापून बघितला तर मज्जातंतू पांढरट, चकचकीत दोरखंडासारखा दिसतो. शीर म्हणजे नळी, आत पोकळी आणि पोकळीत रक्त. मज्जातंतू भरीव. आत हजारो बारीक धागे जुडी करून बांधलेले, जुड्यांच्या परत जुड्या, बाहेरून आवरण. मनगटातला जाड सुतळीएवढा, कमरेतून मांडीत उतरणारा सायटिक सगळ्यात जाड, जवळपास बोटाएवढा. त्यातला एकेक धागा म्हणजे एका पेशीचा लांबच लांब ओढलेला हात. हे मला शिकताना पण पटायला वेळ लागला होता, की पेशी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गोल ठिपका येतो, पण पायाचा अंगठा हलवणारी पेशी बसलेली असते पाठीच्या कण्यात आणि तिचा धागा, अक्षतंतू, सलग पायापर्यंत जातो, साधारण १ मीटर. मध्ये जोड नाही. पेशीचं मुख्य शरीर मात्र फार तर ०.१ मिलिमीटर. म्हणजे दहा हजार पट लांब. ती पेशी आपल्या चाळीतल्या दहा फुटी खोलीएवढी धरली आणि ती खोली सीएसएमटीला आहे असं समजलं तर तिचा धागा तीस किलोमीटर, मुलुंडच्या आसपास जाऊन पोचेल.

आणि जेवणखाण, दुरुस्तीचं सामान सगळं तयार होतं ते त्या खोलीत. धाग्याच्या टोकाला स्वतःचा कारखाना जवळजवळ नाहीच, तिथे लागणारी प्रथिनं वगैरे वरून पाठवावी लागतात. धाग्याच्या आत त्यासाठी बारीक रूळ असतात आणि त्यावरून माल ओढणारे रेणू असतात. वेगवान मालसुद्धा दिवसाला ४० सेंटीमीटरच्या आसपास जातो, म्हणजे कण्यापासून अंगठ्यापर्यंत अडीच दिवस. सावकाश जाणारा माल दिवसाला १ ते ३ मिलिमीटर, त्याला एक ते तीन वर्षं लागतात. मग पेशीची तब्येत जरा ढासळली, साखरेने म्हणा किंवा दारूने किंवा काही औषधांनी, तर सगळ्यात आधी हाल कोणाचे? जो सगळ्यात लांब राहतो त्याचे.

माझ्या आईला खूप वर्षं शुगर आहे. एकदा करी रोडच्या पुलावरून आम्ही दोघी उतरत होतो आणि खाली आल्यावर मी बघितलं तर तिच्या एका पायात चप्पल नाही. वर पायऱ्यांवर राहिली होती. तिला कळलंच नव्हतं, ती तशीच अनवाणी पाय टेकवत खाली आली होती. "अगं, गर्दीत निघाली असेल," म्हणाली, आणि माझ्या पोटात खड्डा पडला, कारण रोज मी दुसऱ्यांच्या आयांना हाच प्रश्न विचारत होते की मावशी, चप्पल निसटते का, निसटलेली कळते का, आणि घरात विचारला नव्हता. शुगरचा त्रास दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होतो, मग तळवा, घोटा, मोजा चढवल्यासारखा वर सरकतो. गुडघ्याजवळ आला की साधारण त्याच सुमाराला हाताच्या बोटांची टोकं बधिर व्हायला लागतात. बघणाऱ्याला वाटतं नवीन रोग आला. नाही, एकच हिशोब आहे, लांबीचा. कण्यापासून गुडघ्यापर्यंतचं अंतर आणि कण्यापासून बोटांच्या टोकापर्यंतचं अंतर बऱ्यापैकी सारखं भरतं.

आता तो शॉक दिल्यावर आतून नेमकं काय जातं ते सांगते, कारण सगळ्यांना वाटतं वायरीतून वीज जाते तसं. तसं नाही. वायरीतली वीज जवळपास प्रकाशाच्या वेगाच्या हिशोबात धावते, मज्जातंतूमधला संदेश त्यामानाने खूपच हळू. दिवाळीतली लवंगी माळ आठवा. एक टोक पेटवलं की पहिली लवंगी उडते, तिच्या आगीने दुसरी, दुसरीने तिसरी. शेवटची लवंगी पहिलीएवढ्याच जोरात वाजते, वाटेत आवाज कमी कमी होत जात नाही. आणि लवंगी अर्धी उडत नाही, उडते नाहीतर नाही. मज्जातंतूचं अगदी असंच आहे. धाग्याच्या भिंतीला बारीक दरवाजे असतात, बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त, आणि शांत असताना आतली बाजू बाहेरच्यापेक्षा ७० मिलिव्होल्टने उणे. एका जागी दरवाजे उघडले की सोडियम आत घुसतं, तिथला भार पलटतो, त्या धक्क्याने शेजारचे दरवाजे उघडतात, मग त्याच्या शेजारचे. मागे लगेच पोटॅशियम बाहेर जाऊन सगळं पूर्ववत. माळेत आणि यात फरक इतकाच की ही माळ एक-दोन मिलिसेकंदात परत भरून तयार होते, आणि आयुष्यभर उडत राहते. जोरात दुखतंय की हळू, हे संदेशाच्या आकारावरून कळत नाही, सेकंदाला किती संदेश येतायत आणि किती धाग्यांतून येतायत यावरून मेंदू ठरवतो.

हे सगळं कळलं ते माकुलामुळे. ससून डॉकला ढीग लागलेला असतो तोच माकुल. त्याच्या अंगात एक मज्जातंतूचा धागा असतो जो १ मिलिमीटरपर्यंत जाड असू शकतो, नुसत्या डोळ्यांनी दिसेल असा. हॉजकिन आणि हक्स्ली या इंग्लिश शास्त्रज्ञांनी त्याच्या आत बारीक तार घालून व्होल्टेज मोजलं, १९५२ मध्ये सगळं गणित मांडलं आणि १९६३ ला त्यांना नोबेल मिळालं. माकुलाला इतका जाड धागा कशाला लागतो, तर संकट आलं की त्याला झटक्यात पळायचं असतं आणि धागा जितका जाड तितका संदेश वेगात जातो. आपले सगळ्यात जाड धागे ०.०२ मिलिमीटरचे, तरी त्याच्यापेक्षा वेगवान. कारण आपल्या धाग्यांवर मायलिनचं वेष्टण असतं, चरबीचे थर गुंडाळून गुंडाळून केलेलं. दर मिलिमीटरभर अंतरावर वेष्टणात एक उघडी फट, दरवाजे बहुतेक सगळे त्या फटीतच. त्यामुळे संदेश इंच इंच सरकत नाही, एका फटीतून दुसऱ्या फटीत उड्या मारत जातो. आपल्याकडे सगळे धागे माकुलासारखे जाड करायचे ठरवले असते तर पाठीचा कणा झाडाच्या बुंध्याएवढा झाला असता.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे पेशंट एकदम वाढले तेव्हा बातम्यांत हे वेष्टण पहिल्यांदा घराघरात पोचलं असेल. गियाँ-बारे सिंड्रोम. पोटात जंतू जातो, शरीर त्याच्याशी लढायला शस्त्रं तयार करतं, आणि ती शस्त्रं चुकून स्वतःच्याच मज्जातंतूवर चालतात, कधी वेष्टणावर, कधी आतल्या धाग्यावर. पायातली ताकद जाते, मग वर सरकत हात, चेहरा, काहींना श्वास. तेव्हा पण एनसीव्ही केली जाते, कारण वेष्टण गेलं की वेग पडतो आणि धागे गेले की उमटणाऱ्या लाटेची उंची पडते (ती सगळ्या धाग्यांची मिळून असते), मशीनवर दोन्ही वेगळं दिसतं. बहुतेक पेशंट हळूहळू सावरतात, पण महिने लागतात.

वेगाचं सांगायचं तर मनगट ते कोपर या पट्ट्यात निरोगी माणसाचा वेग सेकंदाला ५० ते ६० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटरच्या वर. पायात थोडा कमी, ४० च्या वर असला की ठीक. मी मोजते तो हिशोब तसा प्राथमिक शाळेतला आहे, टेपने अंतर मोजायचं आणि वेळेने भागायचं. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या पायावर हाच हिशोब पहिल्यांदा केला, सेकंदाला सत्तावीसेक मीटर आले. त्याआधी मोठमोठे लोक मानायचे की हा वेग मोजताच येणार नाही. एक गोष्ट मात्र मशीन सांगत नाही, हात थंड असेल तर वेग कमी येतो. बाहेर एसीत तासभर बसलेल्या माणसाची टेस्ट तशीच केली तर चांगल्या नसा पण आजारी दिसतील, म्हणून आम्ही आधी हात गरम करतो. तुमचा हात धरून कोणी हीटरजवळ नेला तर कंटाळू नका, ते आवश्यक असतं.

अजून एक, आणि हे खूप महत्त्वाचं आहे. आमची टेस्ट जाड, वेष्टणवाल्या धाग्यांचीच. आग होणं, भाजणं, गरम-थंड कळणं हे आणणारे धागे एकदम बारीक, बरेचसे वेष्टण नसलेले, सेकंदाला अर्धा ते दोन मीटर जाणारे, म्हणजे माणसाच्या चालण्याचा वेग. करंगळी पलंगाच्या पायाला आपटली की आधी एक टोकदार कळ येते, मग क्षणभर काही नाही, आणि मग ती खोल ठणक सुरू होते, हे लक्षात असेल. कळ पातळ का होईना पण वेष्टणाच्या धाग्यातून आली आणि ठणक बिनवेष्टणाच्या धाग्यातून, मागून चालत. तर हे बारीक धागे खराब झाले असतील तर पायाची आग आग होते आणि एनसीव्ही नॉर्मल येते. मग घरचे म्हणतात रिपोर्ट तर चांगलाय, तुझ्या मनाचे खेळ. कितीतरी बायकांना मी हे ऐकून गप्प बसलेलं बघितलंय. मनाचे खेळ नाहीत, त्या दुखण्याला आमची टेस्ट पोचत नाही इतकंच.

आपटलेली जागा आपण चोळतो आणि बरं वाटतं त्याचं पण कारण आहे. चोळल्यावर स्पर्शाचे जाड धागे जागे होतात आणि कण्यात जिथे दोन्ही संदेश पोचतात तिथे ते दुखण्याच्या संदेशाला अडवतात. मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ मध्ये ही फाटकाची कल्पना मांडली. मावशींना चोळून तासभर बरं वाटलं ते खोटं नव्हतं, पण फाटक थोडा वेळ बंद झालं म्हणून मनगटातली जागा मोठी होत नाही.

धागा संपला की पुढे काय, तर तिथे फट असते. एका पेशीचं टोक दुसऱ्या पेशीला चिकटलेलं नसतं, मध्ये मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या हिशोबातली मोकळी जागा असते. काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने आयुष्यभर मायक्रोस्कोपखाली पेशींची चित्रं काढून सांगितलं की पेशी सुट्या आहेत, गोल्जी म्हणायचा सगळं एक सलग जाळं आहे, आणि १९०६ चं नोबेल दोघांना एकत्र दिलं गेलं. काहाल बरोबर निघाला. त्या फटीतून संदेश जातो रसायनाने. टोकाशी छोट्या पिशव्या भरलेल्या असतात, संदेश आला की फुटतात, रसायन पलीकडे जाऊन दरवाजे उघडतं आणि पलीकडे नवी माळ पेटते.

हे किती नाजूक आहे ते कोकणातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, कित्येकदा दुखत नाही, सूज नाही, सकाळी माणूस पोटात दुखतंय म्हणतो आणि मग पापण्या जड व्हायला लागतात, गिळता येत नाही, श्वास अडकतो. तिचं विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधल्या या फटीवरच काम करतं, पिशव्या असलेली टोकंच निकामी करतं. आमच्या परळमध्ये हाफकिन आहे, १८९९ मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी सुरू झालेली संस्था, सर्पविषावरच्या औषधाशी तिचं नाव पिढ्यान्पिढ्या जोडलेलं आहे. पण मण्यारीचं विष एकदा टोकांना लागलं की औषधाने ती टोकं लगेच परत येत नाहीत, नवी फुटेपर्यंत कधी कधी दिवसचे दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. म्हणून मांत्रिकाकडे घालवलेला एक तास फार महाग पडतो. आणि मेंदू त्या माणसाचा बहुतेक वेळा जागा असतो, त्याला ऐकू येत असतं, हे जवळच्यांनी लक्षात ठेवावं आणि त्याच्याशी बोलत राहावं.

कण्याबद्दल थोडं, कारण "मणक्यात गॅप आलाय" हे दुसरं वाक्य मी रोज ऐकते. दोन मणक्यांमध्ये जागा सगळ्यांच्याच असते, तिथे गादी असते. गादी झिजली तर जागा उलट कमी होते. गादीचा आतला गर फुगून मागे आला की तिथून बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूच्या मुळावर दाब येतो, ही खरी भानगड. कण्याच्या पोकळीतून मेरुरज्जू जातो, करंगळीच्या जाडीचा, साधारण ४५ सेंटीमीटर लांब, आणि तो पूर्ण खालपर्यंत जात नाही, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो, खाली नुसती मुळांची शेपटी लोंबते. त्याच्यातून ३१ जोड्या निघतात आणि प्रत्येक जोडीला अंगावरचा आपापला पट्टा वाटून दिलेला आहे. त्यामुळे कळ पायाच्या अंगठ्याकडे जाते की करंगळीकडे हे डॉक्टर विचारतात ते उगाच नाही, त्यावरून कुठल्या मणक्याजवळ दबलंय ते कळतं. कंबर दुखतेय आणि त्यासोबत लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर झाली, तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, उद्या नाही.

गरम तव्याला हात लागला की हात आधी मागे येतो आणि भाजलं हे नंतर कळतं, तो निर्णय कण्यातच होतो, मेंदूपर्यंत फाइल जात नाही. प्रतिक्षिप्त क्रिया म्हणून आपण हे पाठ केलेलं आहे.

मेंदूवर बोलायचं तर वेगळं बसावं लागेल. सव्वा ते दीड किलो वजन, साधारण ८,६०० कोटी चेतापेशी, शरीराच्या वजनाच्या २ टक्के पण ऊर्जेच्या २० टक्के खाणारा. त्यातल्या बहुतेक पेशी मागे खाली असलेल्या छोट्या मेंदूत, अनुमस्तिष्कात, जो तोल आणि हालचालींची सफाई सांभाळतो, हे मला अजूनही नवल वाटतं. डावा भाग उजवं अंग चालवतो, उजवा डावं, कारण धागे मानेच्या वर एकमेकांना ओलांडतात. आपल्याकडे तोंड वाकडं झालं की "वारं गेलं" म्हणतात आणि कबुतराचं रक्त लावण्यापासून काहीही करतात. त्यात पण दोन प्रकार आहेत, कानाजवळून चेहऱ्याला जाणारा मज्जातंतू सुजला तर कपाळाला आठ्या पण पडत नाहीत आणि डोळा मिटत नाही, मेंदूतला झटका असेल तर बहुतेकदा आठ्या पडतात पण खालचं तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो, बोबडी वळते. घरी बसून हा फरक करत बसू नका, दोन्हीत पळायचंच आहे. रक्ताची गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनला झटक्यापासून साडेचार तासांची मुदत असते आणि मोठ्या झटक्यात दर मिनिटाला १९ लाखांच्या आसपास पेशी मरतात. ट्रॅफिक धरून हिशोब करा.

हृदयाचे ठोके, घाम, रक्तदाब, आतड्यांची हालचाल, हे न सांगता चालवणारा एक वेगळा विभाग आहे, स्वायत्त. आतड्याच्या भिंतीतच १० कोटींच्या वर चेतापेशी आहेत. शुगरमध्ये हे धागे पण जातात, म्हणून उठल्यावर भोवळ येते, आणि म्हणूनच काहींना हार्ट अटॅक येतो पण छातीत दुखतच नाही.

बधिर चट्ट्याबद्दल बोलल्याशिवाय मुंबईत नसांवर लिहिता येणार नाही. कुष्ठरोग हा मुळात मज्जातंतूंचा आजार. वडाळ्याचं ॲकवर्थ हॉस्पिटल जुन्या लोकांना माहीत असेल. हॅन्सनने १८७३ मध्ये शोधलेला तो जंतू शरीराच्या थंड भागात रमतो आणि मज्जातंतूचं वेष्टण करणाऱ्या पेशींमध्येच घर करतो, म्हणून कोपराजवळचा तो कातडीलगतचा मज्जातंतू जाड लागतो. बोटं रोगाने झडत नाहीत, दुखणं कळत नसल्यामुळे भाजतात, कापतात, चिघळतात, आणि अशी झिजतात. गोळ्या फुकट मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो. अंगावर फिकट डाग असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल तर लपवू नका.

मावशींकडे परत येते. मनगटात एक बोगदा असतो, तळाला हाडं, वरून जाड पट्टा, आणि त्यातून ९ टेंडन आणि एक मज्जातंतू दाटीवाटीने जातात. सतत लाटण्याने टेंडनची आवरणं सुजतात आणि चेंगरतो तो सगळ्यात मऊ, म्हणजे मज्जातंतू. मी विचारलं करंगळीत मुंग्या येतात का, तर विचार करून म्हणाल्या, "नाही हो, तिला काहीच होत नाही." बरोबर, करंगळीचा मज्जातंतू वेगळा, तो कोपरामागून येतो आणि या बोगद्यातून जातच नाही. अनामिकेची पण अंगठ्याकडची अर्धी बाजूच बधिर होती. मशीनवर कोपर ते मनगट वेग एकदम छान, आणि मनगट ओलांडतानाच उशीर. म्हणजे वायर चांगली, एका जागी चेंगरलेली. मग डॉक्टरांनी रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी दिली, लाटण्याची कामं वाटून घ्यायला सांगितली, आणि अंगठ्याखालचा उंचवटा सपाट व्हायला लागला तर बोगद्याचा पट्टा कापायचं छोटं ऑपरेशन. हातापायातला धागा दाब गेला की परत वाढतो, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. मेंदू आणि मेरुरज्जूतला असा वाढत नाही, तिथे गेला तो गेला.

आईचं मी दुसऱ्या दिवशीच सगळं तपासलं. १२८ चा चिमटा, म्हणजे सेकंदाला १२८ वेळा थरथरणारा धातूचा काटा, अंगठ्याच्या हाडावर ठेवला तर तिला थरथर कळली नाही, घोट्यावर थोडी, गुडघ्यावर नीट. बी१२ पण कमी निघालं, शाकाहारी माणूस, आणि शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी१२ अजून उतरतं, त्याशिवाय वेष्टण नीट राहत नाही. आता इंजेक्शनं झाली, मागे पट्टा असलेली चप्पल आली, आंघोळीचं पाणी ती कोपराने बघते, पायाने नाही. आणि रोज रात्री ट्यूबलाइटखाली खुर्चीत बसून पाय माझ्या मांडीवर देते, मी बोटांमधल्या बेचक्या, टाचा, तळवे बघते. परवा डाव्या टाचेत साडीची टाचणी घुसलेली होती, डोक्यापर्यंत. सकाळपासून त्याच पायाने घरभर फिरत होती.